उलट्या, जुलाब आणि माझा पूर्ण ताबा

४ मार्च
बायको ट्रेनिंगला गेली. शनिवारी येणार. निघताना दारातूनही सूचना चालूच. म्हटलं, आख्खं गोदाम सांभाळतो, दीड वर्षाची मुलगी काय जड आहे? फ्रिजवर डॉक्टरीणबाईंचा नंबर चिकटवून गेली. पटलं असावं.

५ मार्च
बबडी सकाळी दूध ओकली. दात येत असणार.

दुपारी सोफ्यावर ओकली. शिवाय पातळ शी. दातच. बायकोचा फोन. मजेत आहोत म्हणालो. तेवढ्यात बबडी पुन्हा ओकली. आवाज कसला, म्हणाली. टीव्ही, म्हणालो.

६ मार्च
चादरी संपल्या. टेबलक्लॉथ अंथरलाय.

डॉक्टरीणबाईंकडे नेलं. शिरताशिरताच अँटिबायोटिक मागितलं. त्या म्हणाल्या, हा बहुतेक विषाणू आहे, नोरो किंवा रोटा. त्याला अँटिबायोटिक लागू पडत नाही. रोटाची लस दिलीय, मी ठणकावलं. लशीने जोर कमी होतो, म्हणाल्या, पण बाकीचे विषाणू असतातच. ओआरएस चमच्याचमच्याने पाजा. खाणं बंद करू नका. लंगोट बदलला की साबणाने हात धुवा. शू कमी झाली, डोळे खोल गेले, रडताना पाणी आलं नाही, तर ताबडतोब हॉस्पिटल.
सगळं समजलं. बाई जरा घाबरट आहेत. साबण कशाला? सॅनिटायझर आहे.

७ मार्च
चमचा म्हणजे वेळेचा अपव्यय. आख्खी वाटी एकदम पाजली. आख्खी वाटी एकदम परत आली. मग डब्यातला गोड ज्यूस दिला. तो खालून गेला.
खाणं आजपासून बंद. पोटाला विश्रांती. माझाच निर्णय.

८ मार्च, सकाळ
सुधारणा! बबडी एकदम शांत. काही मागत नाही. लंगोटही कोरडा. बायकोला अभिमानाने कळवलं.
शू कधी झाली, तिने विचारलं.
आठवेना.
व्हिडिओ लाव, म्हणाली. लावला. तिचा आवाज बदलला. अरे, डोळे बघ तिचे! उचल तिला आणि पळ!

दुपार
हॉस्पिटल. शीर सापडत नव्हती. इवलासा हात, दोघी नर्स धरून. सुई टोचली तेव्हा बबडीने तोंड उघडलं. आवाज जेमतेम आला. डोळ्यांत पाणी आलंच नाही. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. काल मी तिचं खाणं बंद केलं होतं.

संध्याकाळ
सलाईन चढतंय. शू झाली! नर्सबाईंचे हात हातात घेणार होतो. आधी हात धुवा, म्हणाल्या. सॅनिटायझर लावलंय, म्हटलं. नोरोला त्याने फारसं काही होत नाही, म्हणाल्या. साबणाने.

९ मार्च
बायको बॅगेसकट थेट वॉर्डात आली. बबडीने तिच्या हातून केळं खाल्लं आणि आणखी मागितलं. मी सविस्तर अहवाल द्यायला उभा राहिलो. पोटात कळ आली. बेसिनपर्यंत पोचलो नाही.

१० मार्च
घरी. बबडी खोलीभर धावतेय. मी बाथरूमच्या दाराशी, फरशीवर. बहुतेक हॉस्पिटलच्या कँटीनचं काहीतरी बाधलं.
बायकोने उद्या रजा टाकलीय. म्हटलं, बबडी तर ठणठणीत आहे, कशाला?
म्हणाली, तिची काळजी नाही रे. तुला एकट्याला घरी ठेवायची भीती वाटते.