तोंडी चालत नाही

ताई,

आधी भांडण, नमस्कार मागून. अकरा तारखेला दुपारी चार ते संध्याकाळी सात मी घरात सहा खुर्च्या मांडून बसले होते (चार शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या, एकीचा पाय हलतो). त्या खुर्च्यांवर एकही मूल येऊन बसलं नाही, आणि त्याला कारण तू. हो, तूच. तिकडे लांब लेकाच्या घरी बसून माझ्या घरातला वाढदिवस तू कसा बुडवलास ते पुढे सांगतेच. आधीच लिहून ठेवते, म्हणजे पत्र अर्ध्यावर टाकून तू चहा करायला उठलीस तरी मुद्दा पोचलेला असेल.

आता नमस्कार. साष्टांग समज, माझी कंबर सध्या वाकत नाही. तुझा गुडघा कसा आहे? तेल चोळतेस, की बाटली नुसती उशाशी ठेवूनच बरं वाटतं तुला? लेकाला आशीर्वाद, नातवाचा पापा. सुनेलाही आशीर्वाद. तिने फोन उचलला की "आई झोपल्यात" म्हणते. सकाळी दहाला झोपल्यात, दुपारी चारला झोपल्यात, तू माणूस आहेस की मांजर? म्हणून पत्र. चौथीपर्यंतच शिकले मी, अक्षर म्हणजे कोंबडी चालून गेल्यासारखं, पण भांडायला चौथी पुरते.

इकडे मी आणि माझी भिंगरी, दोघी ठीक आहोत. तू गेल्यापासून चार महिन्यांत घरात जागा फार झाली. तुझी खाट भिंतीला उभी करून ठेवली, तर भिंगरी तिच्यामागे घर-घर खेळते आणि मावशी घरात नाहीत, नंतर या, असं आतून मला ओरडून सांगते. जसं काही मला माहीत नाही. मी तुला जा म्हटलं होतं, कबूल. तू पावणेसहा वर्षांच्या घोडीला घास भरवत बसली होतीस, मला कामाला उशीर होत होता, तोंडातून निघून गेलं की एवढी हौस असेल तर जा आपल्या नातवाला भरव. पण मी म्हटलं म्हणून जायचं? जन्मात माझं एक ऐकलं नाहीस, आणि ऐकलंस ते नेमकं हेच.

तर वाढदिवस. दरवर्षी सगळं तू करायचीस आणि मी नुसती नावं ठेवायची, म्हणजे काम सारखं वाटलेलं होतं. ह्या वर्षी दोन्ही मलाच करावं लागलं. भिंगरीच्या वर्गातल्या चार मुलींच्या आयांना मी शाळेच्या फाटकाशी गाठून सांगितलं की अकरा तारखेला चार वाजता मुलींना पाठवा. चौघी हो हो म्हणाल्या, एकमेकींकडे बघून हसल्या, मला वाटलं खूश झाल्या. लाँड्रीतून अर्धी सुटी घेतली. फुगे तोंडाने फुगवायला माझ्यात दम नाही, म्हणून डोकं चालवलं आणि इस्त्रीच्या विभागात कपडे वाळवायला गरम हवेची नळी असते, तिच्यावर वीस फुगे टम्म फुगवून घेतले. रस्त्याने लोक बघत होते. मी ऐटीत. घरी येऊन भिंतीला लावले, आणि हवा गार झाल्यावर एकेक फुगा असा आकसत गेला की चार वाजेपर्यंत भिंतीवर सुकलेली वांगी लटकवल्यासारखं दिसायला लागलं. केकवाल्याने विचारलं होतं, वर नाव काय लिहू. माझ्या आधी भिंगरीच बोलली, पाचही जणींची लिहा, नाहीतर त्यांना वाईट वाटेल. एवढ्याशा केकवर पाच नावं! शेवटचं नाव त्या बिचाऱ्याने कडेवरून खाली उतरवलं.

चार वाजले. साडेचार वाजले. जिन्यात पाऊल वाजलं की ती दाराशी जायची, आणि पाऊल वरच्या मजल्यावर निघून जायचं. पाच वाजता तिने खुर्च्यांची जागा बदलली, म्हणाली अशा मांडल्या म्हणून येत नसतील. मी म्हटलं, रस्त्यात गर्दी असेल. (मी कधी कुणाची बाजू घेत नाही, तुला माहीत आहे. त्या दिवशी चार अनोळखी बायकांची घेतली.) साडेसहाला कोणीतरी दार वाजवलं, ती धावली. तर खालचे घड्याळजी. खुर्च्यांचा आवाज काय चाललाय म्हणून विचारायला आले होते. मी त्यांना हाताला धरून आत घेतलं आणि बसवलं. म्हातारा शहाणा निघाला, एका नजरेत सगळं ओळखलं, खाली गेला आणि एक गजराचं घड्याळ घेऊन आला. रोज वीस मिनिटं पुढे जातं, दुरुस्त होत नाही, म्हणून भेट. मग आम्ही तिघांनी केक कापला. घड्याळजींनी दोन मैत्रिणी खाल्ल्या, मी एक. भिंगरीने आपलं नाव खाल्लं, आणि ते कडेवरून उतरलेलं नाव होतं ना, ते बशीत काढून झाकून ठेवलं. ती उशिरा येते नेहमी, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी फाटकाशी गेले ती भांडायच्याच तयारीने, पदर खोचून. चौघींतली पहिली सापडली तिला धरलं. ती मलाच म्हणते, अहो, मागच्याच महिन्यात झाला की तिचा वाढदिवस! वर्गात बाईंनी मुकुट घातला, टाळ्या वाजवल्या, आमच्या मुलींनी चित्रं काढून दिली. आम्हाला वाटलं तुम्ही थट्टा करताय. एका मुलाचे दोन-दोन वाढदिवस कोण करतं?

ताई, मी तिथे फाटकाला धरून उभी राहिले. मग एकेक आठवलं. अकरा ऑगस्टला भिंगरी पुठ्ठ्याचा सोनेरी मुकुट घालून आली होती, थेट लाँड्रीत, माझ्याकडे. म्हणाली, आई, आज माझा वाढदिवस झाला. माझ्यासमोर सत्तर चादरी होत्या. मी म्हटलं, उगाच काहीतरी बोलू नकोस, अजून महिना आहे, आणि ते डोक्यावरचं काढ, वाफेने ओलं होईल. तिने काढलं. संध्याकाळभर मुकुट मांडीवर घेऊन बसली होती, जेवताना सुद्धा. मी म्हटलं, ताटात पडेल तो. एवढंच म्हटलं. ती कशाची वाट बघत होती ते मला आत्ता कळलं, आणि आत्ता कळून काय उपयोग?

आता तुझा नंबर. शाळेत घालायच्या वेळी फॉर्म कोणी भरला? तू. (मी भरला असता तर शाळेने मलाच पहिलीत बसवलं असतं.) ऑगस्टअखेर वय पुरं पाहिजे होतं, हिला अकरा दिवस कमी पडत होते, आणि तू जन्मतारखेच्या रकान्यात सप्टेंबरचा ऑगस्ट केलास, म्हणालीस, एका महिन्याने काय आभाळ कोसळतंय? बघ, कोसळलं. जुन्या बाई वाढदिवस करत नव्हत्या म्हणून पोरगीला वर्षभर पत्ता नव्हता. ह्या वर्षी नव्या बाई आल्या, हौशी. त्या रजिस्टर बघून मुकुट घालतात. आणि तू इथे असतीस तर तुला आठवलं असतं. मी विसरले. मी एकटी किती लक्षात ठेवू?

बरं, मी भिंगरीला समोर बसवून सांगितलं की शाळेतला खोटा, परवाचा खरा. तर ती विचारते, कशावरून? मी म्हटलं, मी तुझी आई, मी सांगते म्हणून. त्यावर कार्टी हाताची घडी घालून काय म्हणाली असेल? म्हणाली, तोंडी चालत नाही, चिठ्ठी दाखव.

हे कुणाचं वाक्य ते तुला वेगळं सांगायला नको. दुपारी लाँड्रीच्या खिडकीवर मी बसते, ती शाळेतून येऊन माझ्या पायाशी गाठोड्यावर बसून अभ्यास करते, आणि दिवसातून वीस वेळा ऐकते. मागच्या आठवड्यात एक गृहस्थ चिठ्ठी हरवून आला. कोट त्याचा, माझ्यामागे टांगलेला, खिशात त्याचाच फोटो निघालेला, तोच चष्मा, तेच टक्कल. तरी दिला नाही मी. चिठ्ठीवर जे आहे ते खरं, बाकी कोणीही काहीही सांगेल. मुकादमाने सगळ्यांसमोर शाबासकी दिली. भिंगरी खालून बघत होती, तिला आई फार थोर वाटली. आता भोगतेय.

खरा जन्मदाखला तिच्या बापाच्या पेटीत होता आणि पेटी बापाबरोबर गेली (देवाघरी नाही, दुसऱ्या घरी). दवाखान्यात विचारावं, तर तिथे आता सोफे विकतात. शाळेत गेले तर बाई म्हणाल्या, रजिस्टर बदलता येत नाही, पण वर्गातला वाढदिवसांचा तक्ता पंचवीस तारखेला नवा लिहिणार आहे, घरच्यांनी लेखी दिलं तर त्यात तारीख बदलेन. मी लेखी दिलं तर भिंगरी मानत नाही. म्हणते, तू आत्ता लिहिलंस, मी बघितलं. मावशीचं आण, मावशी तिथे होती.

म्हणून हे पत्र. एका कागदावर स्वच्छ अक्षरात लिही की ती कधी जन्मली, किती वाजता, आणि फॉर्म तू चुकवलास. खाली सही कर. एवढं केलंस की माझं भांडण संपलं.

कळावे, कळलं नसेल तर पुन्हा वाचावे.

तुझी धाकटी

ता. क. तुझा जुना चष्मा इथेच कपाटावर राहिलाय. पोस्टात फुटेल म्हणून पाठवत नाही. हवा असेल त्याने येऊन न्यावा.

ता. क. सूनबाई, तू हे पत्र आधी वाचणार हे मला माहीत आहे. मांजर मी ताईला म्हटलं, तुला नाही. तिला जागी करून दे.

ता. क. एक राहिलं. हे भिंगरीला वाचून दाखवायचं नाही. मला तरी कुठे माहीत आहे गं? पोट फाडलं तेव्हापासून मी बेशुद्ध होते. डोळे उघडले तर तू खुर्चीत, मांडीवर ती, आणि तू म्हणालीस, परवा झाली, अकराला. मी मानलं. तोंडीच मानलं, चिठ्ठी मागितली नाही. आता ती रोज विचारते, मी आले तेव्हा पहिल्यांदा कुणी घेतलं, मी रडले का, तू काय म्हणालीस. मी काय सांगू? मी नव्हतेच तिथे. दहा निघाली, बारा निघाली, तरी चालेल, तेच लिही. पण कागद तिच्याशेजारी बसून बोलणार नाही. बशीतला केक कडक झालाय, ती टाकू देत नाही. खाट मी आज खाली घातली, भिंतीचा रंग उडत होता म्हणून. पंचवीसच्या आत उत्तर पाहिजे. पाऊल ओळखू येईल असं जोरात जिना चढ.