मोजा चढवायला दोन माणसं

९ नोव्हेंबर, सकाळ

चि. धाकटे,

आशीर्वाद. मी ठीक आहे. तुझा गुडघा बरा आहे असं तू म्हणतेस, ते खरं धरून चालते.

तीन वर्षं तुझं टुमणं ऐकलं, शेवटी काल डाव्या पायाच्या शिरांचं लेसर करून घेतलं. भूल पायापुरतीच. सुई टोचली, बारीक तार आत सरकवली आणि फुगलेली शीर आतून भाजून बंद केली. टाकासुद्धा नाही. चाळीस मिनिटं! तेवढा वेळ ती पोरगेली डॉक्टरीण मला आपल्या मांजराचे पराक्रम सांगत होती.

मग म्हणाली, "आजी, उतरा. अर्धा तास चाला."

"आजी तुझ्या घरी. आणि झोपायचं कुठे?"

"झोपायचं कशाला? चालून घरी जायचं."

व्हरांड्यात अकरा फेऱ्या मारल्या. प्रत्येक फेरीला डोकं जास्तच तापत गेलं. इतकं सोपं? इतकं सोपं असायचं काय अडलं होतं?

वर तो घट्ट मोजा! पंधरा दिवस घालायचा. आज वीस मिनिटं झटापट केली, टाच काही आत शिरेना. शेवटी शेजारणीला हाक मारली. तिचे हात बर्फासारखे.

फॉर्मवर विचारलं होतं, घरात आणखी कोणाला हा त्रास? मी लिहिलं, आईला. डॉक्टरीण म्हणाली, "मग त्यांचं का नाही केलं? तेव्हाही होत होतं की." तेहेतीस वर्षं औषधांच्या काउंटरमागे उभी राहून जगाला उत्तरं दिली मी. तिला मात्र मोजा कसा धुवायचा, एवढंच विचारलं.

आता मुकाट्याने वाच. तू आईसाठी वेळ घेतली होतीस, आणि मी तुला सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, या वयात झेपणार नाही." डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. मीच फोन करून वेळ रद्द केली. भीती मला वाटत होती. आई तयार होती, त्यासाठी नव्या चपला आणून ठेवल्या होत्या तिने. तिलाही मी तेच सांगितलं. औषधांतलं कळणारी घरात मी एकटी, शंका कोण घेणार? पुढे चार वर्षं तिच्या घोट्याची जखम वाहिली. तू त्या डॉक्टरांना शिव्या घालत राहिलीस, मी पट्ट्या बदलत राहिले.

उजवा पाय बावीस तारखेला. तू रजा काढून येणार म्हणतेस. हे वाचून मग ठरव. नाही आलीस तर शेजारीण आहेच.

आजचा अर्धा तास चालायचा बाकी आहे. आईच्या त्या चपला मला बरोबर होतात. आज पहिल्यांदा घातल्या आहेत.

अजून म्हणणार असलीस तर,
तुझी ताई