चांगल्या हवेची पोरं

पालेगावच्या पुढची वाडी,
अंबरनाथ पूर्व.
ता. ९ मे १९९३

प्रिय मुलगी द्रौपदी हिस बापाचा सप्रेम जय भीम. जावई किसनरावांना जय भीम सांग. मिलिंदला गोड पापा.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. मिलिंदलाही इकडे पाठवते असं लिहिलेलं तुझं पत्र येऊन महिना होत आला. एका स्टेशनाच्या अंतरावर राहणाऱ्या लेकीला बाप पत्र लिहितो म्हणून किसनराव हसतील, हसू देत. गेल्या रविवारी मी उल्हासनगरला, कॅम्प चारला आलो तो सहज नव्हतो आलो. सांगायला आलो होतो. तू चहा टाकलास, शेजारच्या सिंधीणबाईने कांद्याची जाड कोकी पोळी आणून दिली, ती खाल्ली. मग मिलिंदच्या कपड्यांची पिशवी भरून खुंटीला लावलेली दिसली आणि मी उठलो. तू म्हणालीस, बाबा, एवढ्यात? मी म्हणालो, पायात गोळा आलाय. पायात काही नव्हतं.

इकडे सर्व ठीक आहे. तुझ्या आईचा गुडघा तसाच. शेळी व्याली, दोन पिल्लं, एक काळं एक पांढरं. संघू तिसरी पास झाली. अंगाने भरली आहे. गेल्या जूनमध्ये तू तिला इथे सोडलंस तेव्हा रात्रभर धाप लागायची, डोळे पांढरे व्हायचे. ते आता नाही. दिवाळीपासून एकदाही खोकली नाही. हे मी खरं लिहितो आहे. पुढचंही खरं आहे, म्हणून हे आधी लिहिलं.

ती रक्त घेणारी माणसं तुला माहीत आहेत. तू संघूला सोडून गेलीस त्याच आठवड्यात आली होती. मुंबईच्या कुठल्या तरी संस्थेची. त्यांची मुख्य एक तरुण बाई, मीनल मॅडम. पोरांच्या रक्तात, अगदी आतल्या पेशीत, हवापाण्याने काही मोडतोड होते का ते त्यांना मोजायचं होतं. उल्हासनगरची पोरं घेतली, अंबरनाथच्या कारखान्यांमागच्या चाळीतली घेतली. मग ताडून बघायला चांगल्या हवेची पोरं हवी होती. त्यासाठी आमची वाडी निवडली. शेतं आहेत, विहीर आहे, कारखाने लांब. मला तेव्हा केवढं बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी आमची वस्ती चांगली म्हणून निवडली.

लोक तयार होईनात. रक्त विकतात, पोर खंगतं, काय काय उठलं. पलीकडच्या घरची मोतीबाई म्हणाली, "धोंडिबा, कॅम्पातल्या पोरांना आमची पोरं दाखवून लाजवणार असतील तर घेऊ दे. पण एक एक सफरचंद द्या म्हणावं." सगळे हसले, पण हात कोणी पुढे करीना. तेव्हा मी विहारात सगळ्यांसमोर संघूला मांडीवर घेतलं आणि तिची बाही वर केली. ती रडली नाही. सुई आत असताना माझ्याकडे बघून म्हणाली, आबा, तुम्हीच डोळे मिटलेत. मग एकेक करून सगळे आले.

मॅडमनी विचारलं होतं, मूल जन्मापासून इथलंच ना. मी हो म्हणालो. लेकीची पोर आजोळी असली की आपलीच, असंच मी धरलं. यात काही बिघडेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

थंडी सरल्यावर त्यांनी सगळ्यांचं दुसऱ्यांदा रक्त घेतलं. आणि एप्रिलमध्ये मॅडम एकट्याच आल्या. विहाराच्या पायरीवर बसल्या, पाणी विचारलं तर नको म्हणाल्या. म्हणाल्या, "आजोबा, तुमच्या वाडीचा आकडा चांगला नाही आला. कॅम्पातल्या पोरांपेक्षा जास्त आहे."

मी काय केलं ते ऐक. मला वाटलं, आपल्या संघूमुळे झालं. ती तुमच्या कॅम्पातून आलेली, नाल्याचा वास घेत वाढलेली. तिच्यामुळे वाडीचा हिशेब बिघडला असणार. वस्तीच्या नावाला आपल्या घरातून डाग लागला, म्हणून मला झोप लागेना. दुसऱ्या दिवशी ज्या भाड्याच्या खोलीत त्यांनी यंत्रं मांडली आहेत तिथे गेलो आणि कबूल केलं. म्हणालो, मॅडम, ती पोर इथली नाही, तिला काढा म्हणजे आकडा उतरेल.

त्या रागावल्या नाहीत. कपाटातून संघूच्या रक्ताच्या दोन काचा काढल्या आणि बराच वेळ दुर्बिणीतून बघत बसल्या. मग मला म्हणाल्या, बघा. मला जांभळे गोल दिसले. एका गोलाच्या शेजारी अगदी बारीक ठिपका होता. तो म्हणे आतल्या धाग्याचा तुकडा, पेशी दुभागताना मागे राहिलेला. असे ठिपके किती पेशींत आहेत ते त्या मोजतात. मला हे चटकन समजलं. काडेपेटीच्या कारखान्यात आम्ही हेच करत होतो. लॉटमधून मूठभर काड्या काढायच्या, बिनगुलाच्या मोजायच्या. ठरल्यापेक्षा जास्त निघाल्या की सगळा लॉट अडवायचा.

मी विचारलं, संघूच्या अशा पेशी जास्त आहेत ना?

म्हणाल्या, "पहिल्या वेळी नव्हत्या. तुमच्या वाडीतल्या सगळ्या पोरांत तिच्याच कमी होत्या."

मी म्हणालो, आणि आता?

म्हणाल्या, "आता बाकीच्यांसारख्याच आहेत."

द्रौपदी, मी त्यांना दोनदा विचारलं की काचा अदलाबदल झाल्या नाहीत ना. त्यांनी दोन्ही पुन्हा मोजल्या. तुझ्याकडून आली तेव्हा बरी होती. इथे येऊन झालं. आमच्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर, ती धावत होती, भाकरी मागून घेत होती, जाड होत होती, आणि आत हे चाललं होतं. मी त्या खोलीतून बाहेर आलो तेव्हा चप्पल घालायची विसरलो. पालेगावच्या वळणापर्यंत अनवाणी आलो. डांबर तापलं होतं, ते घरी येऊन पाय बघितल्यावर कळलं.

मॅडम म्हणाल्या हा आजार नव्हे. एका पोराच्या आकड्यावरून काही ठरवू नका, असंही बजावलं. पुढे काही होईलच असं नाही, पुष्कळांना काहीच होत नाही. मी म्हणालो, मग हे आहे तरी काय? म्हणाल्या, शरीर मोडलेलं दुरुस्त करत असतं, पण इथे दुरुस्तीपेक्षा मोडणं जास्त चाललं आहे. कारण थांबलं तर उतरतंही. कारण काय ते त्यांना सांगता येत नाही. रक्त कारण सांगत नाही म्हणाल्या. मी विचारलं, मॅडम, लॉट अडवायचा का? त्या चष्मा काढून पुसत राहिल्या.

तेव्हापासून मी घरात चोर शोधल्यासारखा फिरतो आहे. विहिरीचं पाणी वाटीत घेऊन उन्हात धरतो. पहाटे कारखान्यांकडून वास येतो, तो आधीही यायचा, आम्ही म्हणायचो कोणाकडे तरी भट्टी पेटली. शेताच्या चरातून पिवळं पाणी कधी सुरू झालं, कोणालाच आठवत नाही. किसनरावांनी कॅम्पातल्या भंगारवाल्याकडून आणून दिलेलं निळं पिंप, त्यात आधी काय होतं ते त्यांना विचार. दोष देत नाही, विचारतो आहे. मी ते ओतून पालथं घातलं. तुझ्या आईने पुन्हा भरलं. म्हणाली, "मग पाणी काय ओंजळीत साठवू?"

तिला मी सगळं सांगितलं. ती मानत नाही. म्हणते, "पोर मरायला टेकली होती ती माझ्या हाताखाली उभी राहिली. डोळ्यांना दिसतं ते सोडून काचेतलं खरं धरू?" तिचंही खरं आहे. दुपारी दोघी एका चटईवर झोपतात, संघूचा पाय तिच्या पोटावर असतो. रविवारी तुझ्याकडे मी आल्यापासून निघेपर्यंत गप्प राहिलो, त्याचं हेही एक कारण आहे. पोर गेली तर या घरात बोलायला कोण उरणार, असं माझ्या मनात आलं. आलं ते लिहिलं.

लोक विचारतात, धोंडिबा, आमच्या पोरांचं काय निघालं? मॅडम येत्या रविवारी विहारात सगळ्यांना सांगणार आहेत. मी त्यांच्या शेजारी बसणार आहे. माझ्या शब्दावर बाह्या वर झाल्या, तेव्हा लोक मलाच बोलतील. बोलू देत. पण परक्याच्या तोंडून तुला कळायला नको, म्हणून आज लिहायला बसलो.

मिलिंदला पाठवू नकोस. हे एक मला नक्की कळतं. पिशवी सोड आणि कपडे फळीवर ठेव.

संघूचं मला कळत नाही. तिकडे नेलंस तर धाप परत येईल, आणि त्या वेळी मी जवळ नसेन. इथे ठेवलीस तर हे आहे, दिसत नाही पण आहे. किसनरावांची बहीण मुरबाडच्या आत राहते, तिला विचारून बघ. पण तिथल्या पोरांचं रक्त कोणी बघितलंय का, हे कोणाला विचारायचं? मी आई नाही. तू आहेस. तू ठरव, मी ऐकेन. तुझ्या आईला मी समजावीन, नाही समजली तर तिची बोलणी खाईन.

एक सांभाळ. घरी आलेलं पत्र संघूच वाचते, उभी राहून, शाळेत धडा वाचतात तसं मोठ्याने. तुझी आई तिच्याकडूनच वाचून घेते. म्हणून उत्तरात यातलं काही लिहू नकोस. खुशाली लिही आणि तिला न्यायची असेल तर खाली "येते" एवढंच लिही, नाहीतर "राहू दे" एवढं लिही. मला कळेल. पण लवकर लिही, द्रौपदी. पोस्टमन येतो त्या वेळी मी रोज बांधावर जाऊन उभा राहतो.

तुझा बाप,
धोंडिबा