दोरावाले मासे

ता. ४ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू नुसतं बरं बरं म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून पत्र.

तुझ्या घराखालच्या बंधाऱ्याला लागून आम्ही माशांसाठी सिमेंटचा जिना बांधून घेतला, तो तू रोज बघतोसच. अंडी घालायला माशांना वर जायचं असतं आणि भिंत आडवी येते. ते जिना चढतात की नाही हे कळावं म्हणून काही माशांच्या पोटात छोटं यंत्र बसवलंय, हे तुला फोनवर सांगितलंच होतं; त्याची दोऱ्यासारखी तार बाहेर लोंबते. बंधाऱ्याच्या खाली आणि वर एकेक खांब आहे. मासा जवळून गेला की खांबाला कळतं. वाचायला सोपं वाटतं, पण या कामानं माझा जीव मेटाकुटीला आलाय. एक मासा आठवडाभर झाडाच्या शेंड्यावरून बोलत होता. बगळ्यानं त्याला गिळलं होतं. दुसऱ्याचं यंत्र गळून चिखलात पडलं आणि आम्ही चिखलाची हजेरी घेत बसलो.

पण आता आनंदाची बातमी. तीन मासे वर गेलेत! जिना चालतो असं ठरलं, तर असेच जिने आणखी चार नद्यांवर होतील आणि माझी नोकरी कायम होईल. एकच कोडं आहे. तिघेही संध्याकाळी गेले आणि इतक्या झपाट्यानं, की मासे जिन्यानं नाही, लिफ्टनं गेले असं आमचे सर म्हणतात. तू त्या वेळी तिथे फिरायला जातोस. तुला काही दिसलं का?

मामीला नमस्कार. लोभ आहे तो असाच राहू दे.

तुझी,
ठकी

ता. ९ मार्च

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

दिसलं का म्हणून काय विचारतेस? मीच तर होतो.

मी रोज जिन्यापाशी दगडावर बसतो. मासे पहिल्या पायरीवर उडी मारतात आणि थपकन खाली पडतात. पुन्हा मारतात, पुन्हा पडतात. एकाच्या पोटातून दोरा लोंबत होता. जन्मभर शिंपीकाम केलेल्या माणसाला असा दोरा दिसला की हात शिवशिवतात, पण कात्री घरी होती. मग लक्षात आलं, दोरा आहे म्हणजे हा आपल्या ठकीचा. त्याची दमछाक बघवेना. मामीची बादली आणली, त्याला अलगद उचललं आणि वर नेऊन सोडलं. पुढे आणखी दोघांना नेलं. बिनदोऱ्याचे उचलले नाहीत. ते काही आपल्या नात्यातले नव्हेत.

कंबर जरा धरली आहे, पण तुझं काम झालं याचं समाधान आहे. सरांना माझं नाव कळवलं नाहीस तरी चालेल. तब्येतीला जप आणि या म्हाताऱ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
मामा

ता. १६ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी कपाळाला हात लावला. तो बराच वेळ तिथेच होता.

तीन मासे वर गेल्याचा अहवाल आधीच गेला होता. गप्प बसावं असं एकदा मनात आलं, तुझ्याशी खोटं कशाला बोलू? पण मग तसेच जिने चार नद्यांवर झाले असते आणि मासे पहिल्या पायरीखाली आपटत राहिले असते. प्रत्येक नदीला मामा कुठून आणायचा? म्हणून काल जिने मंजूर करणाऱ्या समितीपुढे उभी राहून सगळं सांगितलं. मग एका इंजिनियरनं गंभीर चेहऱ्यानं विचारलं, की बादली किती लिटरची होती. सर आठवडाभर माझ्याशी बोलतील असं वाटत नाही.

आता पहिल्या पायरीखाली दगडांची एक ठेंगणी पायरी करणार आहेत आणि नवे मासे सोडणार आहेत. माझ्या नोकरीचं त्यांच्यावर ठरेल. तेव्हा हात जोडून सांगते, काहीही झालं तरी कुणाला उचलायचं नाही. दोरा असो वा नसो.

मी पुढच्या महिन्यात येते. मागच्या खेपेला थांब्यावर येऊन तू माझी बॅग डोक्यावर घेतलीस आणि सगळी बस बघत होती. या वेळी थांब्यावर यायचं नाही. मी मोठी झालेय. रागावले होते, आता नाही. तूही रागावू नकोस, लोभ ठेव.

तुझी,
ठकी

ता. ११ एप्रिल

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

मामीनं बादली कुलपात ठेवली आहे आणि किल्ली कमरेला. माझ्यावर एवढा विश्वास!

काल दोघंही दगडावर बसलो होतो. एक दोरावाला आला. उडी मारली, पडला. पुन्हा पडला. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. बघवत नसेल तर घरी चला, असं मामी म्हणाली, पण ती स्वतः जागची हलेना. मग त्यानं ठेंगण्या पायरीवर जरा दम खाल्ला आणि एकदम उसळला. एक पायरी, मग दुसरी, मग वर दिसेनासा झाला. वळूनसुद्धा पाहिलं नाही. मामीनं डोळ्यांना पदर लावला. तुझा खांबही हेच सांगेल.

खरं सांगतो ठके, आनंद झाला आणि वाईटही वाटलं. शाळेच्या वाटेवरचा ओढा मी तुला कडेवर घेऊन ओलांडून द्यायचो. एक दिवस तू चपला हातात घेतल्यास आणि एकटीच पलीकडे गेलीस. त्या दिवशी मी दुकानात येऊन एक सदरा उलटा शिवला होता.

थांब्यावर येणार नाही. फाटकाशी उभा राहीन. तिथून थांबा दिसतो.

इथलं क्षेम. मामीचे आशीर्वाद. लोभ आहेच, तो उचलून द्यावा लागत नाही.

तुझा,
मामा

ता. क. फाटकापासून घरापर्यंत बॅग मी घेईन. तेवढं समितीला सांगू नकोस.