शिडीवरची जोडवी

आत्याबाई,

मी धाकटी. तुमची धाकटी सून. अक्षर वाकडं आहे, पण माझं स्वतःचं आहे. नात शाळेतून आली की पाटी घेऊन चुलीपाशी बसायची, आणि मी पीठ मळता मळता बघायची. एक दिवस परातीतल्या पिठातच बोटानं 'क' काढला, तर पोरगी ओरडली, "आजे, तुला येतंय की गं!" तेव्हापासून मला शिकवते. फार कडक मास्तरीण आहे, वेलांटी चुकली की हातावर फटका मारते. पण आलं मला. थोरलीला येत नाही. थोरलीला सगळं येतं, तुम्ही तिला सगळं दिलंत, पण हे येत नाही. आत्ता पडवीत वाल सोलत बसली आहे आणि माझ्याकडे टकामका बघते आहे. "काय लिवतेस गं एवढं?" म्हणाली. मी म्हटलं, "पापडाचं परमाण." तर म्हणते, "पापडाला एवढं लिवाया लागतं? मग लाटणार कदी?"

तर सांगायचं ते हे, की काल आम्ही पळसदरीला जाऊन आलो, माझ्या नातवासाठी मुलगी बघायला. ठरलं, आत्याबाई. मी इतकी खूश झाले की येताना गाडीत बैलांना गूळ दिला, माझ्या वाटणीचा. पण वाटेत माझा लेक काय म्हणाला ऐका. "आये, आजीनं थोरल्या आयेला जशी निवडली, अगदी तशीच निवडलीस बग ही पोर." सगळे हो हो म्हणाले. थोरली लाजली. या वयात लाजली! आणि माझ्या तोंडातला उरलेला गूळ कडू झाला.

थोरलीला कसं निवडलंत ते कुणाला ठाऊक नाही? दर दिवाळीला, पोह्यांची ताटं मांडली की तुमची गोष्ट सुरू व्हायची. जत्रेला गेला होतात, तिथे एक पोर मामीच्या मागे बसून सुपात पोहे पाखडत होती. कोंडा बाहेर उडत होता आणि पोहा एक पडत नव्हता. तुम्ही तिथेच थांबलात, तिचा हात धरलात आणि म्हणालात, "हा हात माजा." पुढे आयुष्यभर तो हात तुमचाच राहिला. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली की मला ती जत्रा माझ्या लग्नापेक्षा नीट आठवते.

माझी गोष्ट तुम्ही कधी सांगितली नाहीत. मग मीच सांगते.

आमचं घर खोपोलीला, घाट चढायला लागतो त्याच्या अगदी पायथ्याशी. तुम्ही येणार म्हणून मला आईचं लुगडं नेसवलेलं, पदर नाकापर्यंत ओढलेला. मला दिसत होते फक्त तुमचे पाय. जाडजूड जोडवी, टाचेला चुलीची राख. पाय आले, बसले, पाणी प्यायले. मग उठले. मला वाटलं, आता माझ्याकडे येतील, हनुवटीला हात लावतील. तर जोडवी वळली ती शिडीकडे! मी पदराआडून बघते, तर एकेक पायरी चढून जोडवी वर गेली आणि माळ्यात दिसेनाशी झाली. माझी आई तर थिजलीच. विहीण मुलगी बघायला येते आणि चुलीवरच्या माळ्यात शिरते, असं आमच्या सात गावांत कुणी पाहिलेलं नाही. वरून ठकठक ऐकू आली, तुम्ही फळ्या ठोकून बघत होतात. मग वरूनच आवाज आला, "माळा कोरडा हाय. पोरगी पसंत हाय."

आमच्याकडे अजून हसतात या गोष्टीला. मीही हसते.

का चढलात ते तुमच्या घरी आल्यावर कळलं. कर्जतच्या आपल्या पडवीत ओळीनं उखळं, प्रत्येक उखळापाशी बाया, तिकडे खापरात भिजलेलं भात भाजलं जातंय, आणि गरम आहे तोवरच त्यावर मुसळं पडतायत. गार झालं की पोहा चपटा होत नाही, तुकडे होतात. पोहे तर पुष्कळ घरी कांडत. पण बाकीच्यांचे पोहे पावसात त्यांच्याच घरी ओले व्हायचे. गाड्या चिखलात रुतल्या, ओढे भरले, की संपलं. तुमचं डोकं निराळं. तुम्ही म्हणायचात, "माल आपल्या घरी पडला तर उंदीर खाणार. गिऱ्हाइकाच्या दारापाशी ठेवला तर गिऱ्हाईक खाणार." पण दुसऱ्याच्या दारापाशी ठेवायचा कुणाच्या भरवशावर? म्हणून तुम्ही सोयरिकी जमवल्यात. लेक दिली खालापूरला, रस्त्यालगतच्या घरात. भाची पनवेलला, बंदराजवळ. बहीण होतीच नेरळला, तिथून ठाकरवाडीतल्या बाया टोपल्या डोक्यावर घेऊन माथेरान चढायच्या. आणि घाटाचा पायथा तेवढा रिकामा राहिला होता. तिथे मी सापडले.

पावसाआधी प्रत्येक माळ्यावर टोपल्या जाऊन बसायच्या. खाली चूल, वर धूर, पोहे कोरडेठाक. पातळ पोहा माथेरानला, तिथल्या बंगल्यांतल्या आचाऱ्यांना तो लागे. जाडा पोहा घाटात रूळ टाकणाऱ्या माणसांना आणि गाडीवानांना, फडक्यात बांधून ओढ्यात बुडवला की जेवण तयार. नवी टोपली मागे ठेवायची, जुनी आधी काढायची. आगगाडी आली तेव्हा सगळे म्हणाले, आता म्हातारीच्या सोयरिकी फुकट गेल्या. तुम्ही म्हणालात, "गाडी टेसनापातुर आणल. म्होरं कोन, गाडीचा बाप?"

कुठली टोपली कुठे जायची ते ठरवायचं काम पडवीच्या टोकाला बसून व्हायचं. आणि टोपलीला खूण असायची. विकायच्या मालाला कोळशाची रेघ. सोयऱ्यांना द्यायच्या टोपलीला हळदकुंकू. कुंकू लागलेली टोपली विकायची नाही, ती मायेची. तो कोळसा आधी तुमच्या हातात असायचा. मग तुम्ही तो थोरलीच्या हातात दिलात.

मी उखळापाशी. माझे तळहात मुसळानं सोललेले आणि तिची बोटं काळी. मला त्या काळ्या बोटांचा किती हेवा वाटायचा, काय सांगू. नदीवर धुणं धुताना ती बोटं चोळून चोळून धुवायची आणि मी मनात म्हणायची, मला मिळाली असती तर मी धुतलीसुद्धा नसती.

मग ते वर्ष आलं. वैशाख संपत आला होता, आभाळ रोज भरून यायचं. माझी आई आजारातून उठली होती. खोपोलीच्या माळ्यासाठी गाडी भरली आणि थोरलीनं काय केलं, रेघ तर ओढलीच नाही, प्रत्येक टोपलीला हळदकुंकू लावलं आणि वर एक खण ठेवला. एकाच टोपलीला लावणार होती म्हणे, पण मग बाकीच्यांना रेघ काय ओढायची, वाईट दिसेल, म्हणून सगळ्यांना लावलं. गाडी गेली. माझ्या बापानं टोपल्या पाहिल्या, कुंकू पाहिलं, आणि अंगणात उभा राहून गाव गोळा केलं. "लेकीच्या सासरनं धाडलंय, या रं समदे!" पावसाळाभराचा माल, आत्याबाई, दुपारपर्यंत संपला. गाडीवानानं सुद्धा ओंजळ भरून घेतली. आणि रिकामी टोपली परत धाडू नये म्हणून बापानं प्रत्येकीत एकेक नारळ घातला.

ती गाडी परत आली तो दिवस मला अजून दिसतो. तुम्ही पडवीत उभ्या. गाडीवान नारळ उतरवतोय. तुम्ही विचारता, "पोहे कुटं रं?" तो म्हणतो, "गावानं खाल्लं की. लई गोड व्हतं म्हनं." मी उखळामागून बघते आहे, आणि खोटं कशाला सांगू, मला उकळ्या फुटल्या होत्या. चुकली! थोरली चुकली! आता कोळसा माझ्याकडे येणार.

घाटातल्या माणसांना द्यायला काही उरलं नव्हतं. मग भर पावसात कांडलं, ओलं सरपण, पडवीभर धूर, डोळे लाल. पण आठ दिवस जातात न जातात तोच खोपोलीहून निरोप. ज्यांनी फुकट खाल्ले होते त्यांना आता विकत हवे होते. गाडीवानांना हवे, देवळापाशी मुक्कामाला उतरणाऱ्यांना हवे. ज्या गावात आपण फक्त माळा वापरत होतो, तिथे घरोघर आपला पोहा गेला. तुम्ही कमरेवर हात ठेवून हसलात आणि म्हणालात, "थोरलीची अक्कल बगा." थोरलीची! बाप माझा, माळा माझा, नारळ माझ्या बापाचे!

तेव्हा मी बोलले. तुमच्यासमोर पहिल्यांदाच. म्हटलं, "कोळसा माज्या हातात आसता तर असं झालं नसतं." तुम्ही कमरेवरचे हात खाली घेतलेत. "नसतंच झालं," म्हणालात. "तू खोपोलीला रेघच वढली आसतीस, पन माल आदी थितंच धाडला आसतास, आनि जास्ती. तुला तुज्या म्हायेराचं पोट आदी दिसतंय गं, त्यात वंगाळ काय नाय. पन थोरलीला म्हायेर नाय. तिला समदी गावं सारकी."

ते खरं होतं. थोरली मामीकडे वाढलेली पोरकी पोर. आणि मी, जिची आई खोपोलीला माझी वाट बघत बसायची, ती मी त्या दिवशी थोरलीला आई नाही याचासुद्धा हेवा करत बसले. थोरली माझ्याजवळ आली, म्हणाली, "तुज्या आयेला बरं वाटावं म्हनून लावलं गं मी कुकू." म्हणजे चांगली पण तीच. मला चांगलं व्हायला कुठे जागाच ठेवली नाही तुम्ही दोघींनी.

तर काल पळसदरी. घर फाट्यावरच, जिथून एक रस्ता घाटाकडे आणि एक खोपोलीकडे. मुलगी आली, गूळपाणी ठेवलं, पदर तसाच नाकापर्यंत. थोरलीनं लगेच तिचा हात हातात घेतला, तळवा उलटून बघितला. बघणारच, तिला तेवढंच ठाऊक. मी मात्र मान वर केली. चूल, धूर, आणि वर काळाभोर माळा. मी विचारलं, "वर काय ठेवता गं?" तिची आई काही बोलणार तेवढ्यात पदराआडून आवाज आला, "चढून बगा की आजी. मी शिडी धरते."

मी चढले. गुडघे दोन्ही कुरकुरले, लेक खालून ओरडला, "आये, पडशील!" पण चढले. फळ्या ठोकल्या. कोपऱ्यात हात घातला, बोटं कोरडी आली. आणि मग खाली बघितलं. मुलगी दोन्ही हातांनी शिडी धरून वर बघत होती. पदर पार मागे गेलेला. गोल तोंड, कपाळावर घाम, आणि हसू दाबून धरलेलं. सगळ्या घरात तिचं तोंड मला एकटीला दिसलं. थोरलीला फक्त हात दिसला.

तिथेच, शिडीच्या टोकावर, मला तुम्ही आठवलात. त्या दिवशी तुम्हीही वरून खाली बघितलं असेल का हो? बघितलं तरी काय दिसणार, मी मान खाली घालून तुमच्या जोडव्यांची वाट बघत बसले होते. या पोरीसारखी उठून शिडी धरायला हवी होती मी. कुणी सांगितलंच नाही.

घरी सगळ्यांना मी सांगितलं, मुलगी हसरी आहे म्हणून पसंत केली. थोरलीनं मान डोलावली, म्हणाली, "हात बी चांगला हाय." तुम्हाला म्हणून सांगते, आत्याबाई. हसू मी नंतर पाहिलं. बोटं कोरडी आली तेव्हाच माझं ठरलं होतं.

तुम्ही तर देवाघरी, हा कागद धाडायचा कुठे? आपल्या माळ्यावर ठेवते, मागच्या टोपल्यांत, तिथे ओला व्हायचा नाही. त्यावर कुंकू लावावं की रेघ ओढावी ते मात्र कळत नाही. कुंकू लावावं इतकं काही गोड लिहिलेलं नाही. आणि कोळसा अजून थोरलीच्याच कनवटीला आहे. तिच्याकडे मागायला मी जाणार नाही.