आपल्याकडे मिटलेले पान

१७ जानेवारी
सुखरूप पोहोचलो. चेन्नईच्या दक्षिणेला, सुरूच्या बनामागे लपलेले हे रिसॉर्ट फारच देखणे आहे. खोलीसमोर गोल्फची हिरवळ, पलीकडे समुद्र. शरण्येनेच आग्रहाने पाठवले. म्हणाली, "अप्पा, गिंडीच्या घरात तुम्ही भिंतींशी बोलता, आता जरा समुद्राशी बोला." तिची आई हेमलता गेल्यापासून मी लेकीचे तेवढे ऐकतो. बुधवारी ती मला न्यायला येईल.

व्यवस्थापक रविकांत यांनी गोल्फची काठी धरायला शिकवली. माझे सारे फटके हवेत गेल्यावर म्हणाले, "सार, चेंडू गरीब आहे, त्याला भिऊ नका." कित्येक महिन्यांनी मी हसलो.

१८ जानेवारी
आज तै अमावास्या, तमिळ तै महिन्यातला पितरांचा दिवस. हिरवळीच्या टोकाला कर्मचाऱ्यांची पंगत बसली होती. हिरवळ राखणाऱ्या कनकाबाईंनी सांगितले की, हे मैदान पूर्वी कोळ्यांच्या वस्तीचे दफनस्थान होते. म्हणून दरवर्षी या दिवशी त्या मृतांच्या नावाने जेवण होते. पाहुण्याने उभे राहून बघू नये, एवढ्या सुटलेल्या पोटाला मूठभर भात जड नाही, असे म्हणत त्यांनी मला बसवले.

आमच्या तंजावरी मराठी घरांतही इथलीच रीत आहे. शुभकार्यात उठताना केळीचे पान आपल्याकडे मिटावे, म्हणजे असा योग पुन्हा येतो. मृताच्या जेवणात पलीकडे मिटावे, म्हणजे तो पुन्हा येत नाही. हेमलतेच्या तेराव्याला मी ते पलीकडे मिटले होते. आज हात वळेना. पान आपल्याकडे मिटले आणि मनात म्हटले, ये.

कनकाबाईंचे हसू मावळले. कोणाला बोलावलेत, नाव तरी घेतलेत का, असे त्यांनी विचारले.

नाव मी घेतले नव्हते.

१९ जानेवारी
भर दुपारी खोलीतल्या मेजावर, माझ्या जागेसमोर, एक पान होते. ओले, खाऱ्या वासाचे, माझ्या जागेकडे मिटलेले. इथे जेवण चिनी मातीच्या ताटल्यांत देतात.

मला भीती वाटली नाही, हे नमूद करतो. उलट हेमलतेच्या आवडीचा दहीभात मागवला, पान उघडून वाढला आणि हात धुवायला गेलो. परतलो तेव्हा निम्मा भात संपला होता.

परंतु हेमलता एका कडेने, नेटके जेवत असे. या भातात बोटांच्या चरी चारही बाजूंनी होत्या. काही बोटे मुलांची.

२० जानेवारी
दाराबाहेर हिरवळीवर पाने. पंगतीसारखी, ओळीने. सगळी ओली. रविकांत म्हणाले, केळीलाही समुद्र बघावासा वाटला असेल, सार, वाऱ्याने आली. वारा नव्हता.

निघायला गेलो. पाने ओलांडत चालत राहिलो आणि पुन्हा याच दारात आलो.

शरण्येला फोन करून बजावले, येऊ नकोस. ती हसली. "थट्टा करता का अप्पा? आत्ताच तर तुम्ही फोन करून म्हणालात, जेवायला ये."

मी फोन केला नव्हता.

२१ जानेवारी
फोन लागत नाही. मेजावर दोन पाने. एक वाढलेले, माझे. दुसरे कोरडे, रिकामे — तिच्यासाठी.

उपाय एकच. जेवायचे आणि पलीकडे मिटायचे. हेमलता, यात तूही असशील तर — क्षमा कर.

भातात वाळू. जेवलो. डाव्या हाताने लिहितो आहे.

पान वळत नाही — पलीकडून कोणी धरले आहे — लहान हात — पुष्कळ —

गाडीचा हॉर्न. शरण्या हिरवळीवरून येते आहे, चपला हातात घेऊन. विचारते आहे, एवढी माणसे, अप्पा, कोणाचे कार्य — कोणीतरी तिला जागा करून देते आहे —

शरण्ये, बसू न