डाव्या चाकाचा आर्म

अण्णा,

तुम्ही मला लग्नात दिलेल्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाला धरून ठेवणारा खालचा आर्म मी काल ग्राइंडरने कापून टाकला. तुम्ही असतात तर माझ्या हातातून ग्राइंडर काढून घेतला असतात. जुन्या गाडीचा मूळ भाग मोडीत काढायचा नसतो, हे तुम्हीच शिकवलंत. पण तो मूळचा नव्हताच, आणि ते तुम्हाला माहीत होतं.

मी कॉलेजातून थेट महाडच्या आपल्या जुन्या गाड्यांच्या गॅरेजात येऊन बसायचे ते दिवस आठवतात. एकदा तुम्ही बाहेर गेला असताना मी एका गिऱ्हाइकाच्या गाडीचे सगळे आर्म काळ्या चकचकीत रंगाने रंगवून ठेवले आणि कौतुकाची वाट बघत बसले. तुम्ही येता, एक उचलता, उजेडाकडे धरता आणि म्हणता, "आरसा केलास की गं याचा. कंपनीतून असा यायचा का? खोटं काम आहे हे. उतरव सगळा." मी रडत रडत रंग उतरवला. मग तुम्ही शेजारी बसवून घेतलंत. आर्मला काळा रंग, पण चमक निम्मीच. चाक वळवणारा जोड उघड्या लोखंडाचाच ठेवायचा, वरून फक्त तेलाचा हात. बोल्ट करडे, आणि स्प्रिंगवर कारखान्यातल्या तपासनिसाने ओढलेला रंगाचा एक फटकारा. कारखान्यात आर्म रंगात बुडवून टांगायचे, म्हणून खालच्या टोकाला ओघळ सुकलेला असायचा. तो ओघळसुद्धा तुम्ही काडीने सोडायचात. "कंपनीनं ओघळ ठेवला, तर पुसणारे आपण कोण?" लोक हसायचे. मला मात्र तुमच्या त्या ओघळाचा अभिमान वाटायचा.

लग्नाच्या दिवशी माझ्या हातात चावी ठेवून तुम्ही मांडवात सगळ्यांसमोर म्हणालात, "हिच्यात एक नटसुद्धा परका नाही." त्या वाक्यावर मी इतकी वर्षं ती गाडी चालवली. पोलादपूरला सासरी नेली, लेकीला मागे बसवून घाट चढले, उतरले. तुम्ही गेलात तेव्हापासून गॅरेज सांभाळायला रोज तिच्यातूनच महाडला येते. गेल्या महिन्यात लेक एकटीच शिवथरला जाऊन आली आणि म्हणाली, "आई, डावीकडून कटकट ऐकू येते." मला वाटलं रबराचा बुश गेला असेल. चाक काढलं, आर्म खाली घेतला, जुना रंग उतरवायला लागले, तर ओघळाखालून वेल्डिंग निघालं. कधीतरी आर्म तडकला होता. तो जोडून, कानशीने सपाट करून, त्यावरून तुमचा तो जाड, देखणा ओघळ सोडलेला होता. जोडाच्या कडेने नवी चीर पार मधोमध पोचली होती. शिवथरच्या रस्त्यावरचं प्रत्येक वळण डोळ्यांसमोरून गेलं. आणि हा आपला आर्मच नव्हता; आपला मी कॉलेजात असताना स्वतः घासला होता, त्यावरचे खड्डे मला पाठ होते.

तशीच आईकडे गेले. ती ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मी विचारलं, "माझ्या गाडीचा खरा आर्म कुठे गेला?" तिने कुठला म्हणूनसुद्धा विचारलं नाही.

"मुंबयच्या शेठच्या गाडीत," ती मान वर न करता म्हणाली. "त्याची गाडी जुन्या गाड्यांच्या परदर्शनाला जायची व्हती, नि ह्यो फुटलेला निघाला. दुसरा मिळंना. तुज्या बापानं आपला काढून त्याला दिला, नि त्याचा जोडून आपल्यात घातला."

"आणि तीच गाडी मला दिली?"

"म्हनला, घरचीच हाय, हळू चालवतील."

"तुला ठाऊक होतं, तरी मला बसू दिलंस? नातीला बसू दिलंस?"

तेव्हा कुठे तिचे हात थांबले. "त्यानं जोडलंय म्हनल्यावर ते तुटंल, असं कधी वाटलंच नाय गो."

शेठच्या गाडीला त्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं होतं. तिच्या बॉनेटवर हात ठेवून तुम्ही उभे आहात, तोच फोटो मी गॅरेजात लावलाय. रोज सकाळी उदबत्ती त्यालाच.

मग मी तुम्ही केलेल्या गाड्यांच्या मालकांना एकेक करून फोन लावले. शेठची गाडी कधीच विकली गेलीय, ती कुठे आहे कुणाला सांगता आलं नाही. बाकीच्यांना म्हटलं, गाडी घेऊन या, खालून बघायचीय. पोलादपूरचे डॉक्टर हसले. "अण्णांचं काम, त्यात काय बघायचं?" मी म्हटलं, तरी आणा. त्यांच्या गाडीचे आर्म उतरवून रंग खरवडला. काही निघालं नाही. स्वच्छ, अखंड लोखंड. दुसरी गाडी उघडली, तिसरी उघडली. सगळ्यांचं काम तुम्ही बोलायचात तसंच होतं. मला हायसं वाटायला हवं होतं. मी मात्र गाडीखालच्या पिटाच्या पायरीवर बसून घेतलं. परक्यांना तुम्ही कधी फसवलं नाहीत, अण्णा. फसवलंत ते मला एकटीला, कारण मी खाली वाकून बघणार नाही याची तुम्हाला खात्री होती.

तेव्हा न मिळणारा आर्म आता नवा बनवून मिळतो, तो मागवला. घासून, नुसता तांबडा प्रायमर मारून बसवला. गाडी प्रदर्शनात ठेवायची झाली तर कुणीही नाक मुरडेल, मुरडू दे. लोखंड कुठे चिरलं तर पहिल्यांदा मला दिसलं पाहिजे.

हे कुठे पाठवायचं नाही, घडी करून ड्रॉवरमध्ये टाकेन. फक्त एक राहिलं. कापलेले तुकडे बघून काल लेकीने विचारलं, "आजोबांनी बसवलेला ना हा? काय झालं याला?" सगळं सांगायचं, असं मी ठरवून ठेवलं होतं. तिच्याकडे न बघता म्हणाले, "काही नाही गं. जुना झाला होता."